वापरलेल्या वस्तूंचं छोटं दुकान: माणसं कशी सांभाळायची आणि त्यांना कामाची गोडी कशी लावायची

नव्या मालाच्या दुकानात भाव छापूनच येतो. शंभर शर्ट एकसारखे असतात, एकाची माहिती झाली की शंभरांची झाली. वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात प्रत्येक नग वेगळा. घ्यायचा की नाही, विकण्याजोगा आहे का, धुवायचा की तसाच मांडायचा, भाव काय, जागा कोणती, गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं तर कुठवर उतरायचं, आणि विकलाच नाही तर कधी काढून टाकायचा, असे एका नगामागे सहा-सात निर्णय असतात. दिवसाला ६० नग बाहेर लागत असतील तर दुकानात रोज चारशेच्या आसपास निर्णय होतात.

हे सगळे निर्णय मालकाने स्वतःकडे ठेवले की मागच्या खोलीत पोती साचत जातात आणि कामावरची माणसं दर पाच मिनिटांनी एखादी वस्तू हातात धरून विचारायला येतात. काही महिन्यांनी ती विचारणंही सोडतात आणि सांगितलं तेवढंच करतात. मग ‘माणसं मन लावून काम करत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते. पण ज्या कामात स्वतःचं डोकं चालवायला जागाच ठेवलेली नाही, त्यात मन लागायचं कसं?

म्हणून खालचं सगळं एकाच गोष्टीभोवती आहे: निर्णय माणसांच्या हाती द्या, त्यांना हद्द आखून द्या, आणि त्या निर्णयाचं पुढे काय झालं ते त्यांच्यापर्यंत पोचवा. लेख साधारण तीन ते सहा माणसांच्या दुकानासाठी आहे. दोघांच्या दुकानातही बहुतेक सगळं चालेल.

आधी काम मोजा

कामं वाटण्याआधी एक आठवडा मोजणीचा ठेवा. पन्नास कपडे घ्या आणि पोत्यातून बाहेर काढल्यापासून हँगरवर लागेपर्यंत किती वेळ गेला ते घड्याळ लावून पाहा. तपासणी, इस्त्री, टॅग हे सगळं त्यात धरा. समजा १०० मिनिटं लागली, म्हणजे नगाला २ मिनिटं.

आता उलटा हिशेब करा. दिवसाला ४० नग विकायचे आहेत आणि बाहेर लावलेल्या मालापैकी ६० टक्के विकला जातो, तर रोज ६७ नग बाहेर यायला हवेत. त्याला १३४ मिनिटं लागतील. आलेल्या मालातला निम्मा बाद होत असेल, तर तेवढेच नग नुसते बघून बाजूला टाकण्यातही वेळ जातो. नगामागे अर्धं मिनिट धरलं तरी आणखी ३४ मिनिटं झाली. एकूण जवळजवळ पावणेतीन तास.

हे पावणेतीन तास सलग आणि काउंटरपासून सुटे मिळाले पाहिजेत. ‘गिऱ्हाईक नसेल तेव्हा माल काढा’ असं सांगून हे काम होत नाही. दर दहा मिनिटांनी हात थांबतो, अर्धवट पोतं परत बांधलं जातं, त्याच वस्तू दोनदा तपासल्या जातात. संध्याकाळी माल निघाला नाही म्हणून बोलणी खावी लागतात आणि गिऱ्हाइकाकडे लक्ष नव्हतं म्हणूनही. दोन्हीकडून बोलणी खाणारा माणूस फार दिवस टिकत नाही.

पाळीत तीन जागा ठरवा: गल्ला, मागची खोली आणि दुकानातला फेरा (रॅक सावरणं, ट्रायल रूमवर लक्ष, गिऱ्हाइकांना मदत). दोन तासांनी जागा बदला. वर्गवारीचं काम डोळ्यांचं आहे. दोन तासांनंतर डाग निसटू लागतात, आणि सकाळी बाद केली असती ती वस्तू दुपारी रॅकवर लागते. पाळ्यांचा तक्ता निदान दोन आठवडे आधी लावा आणि मग आदल्या दिवशी बदलू नका. घरचं वेळापत्रक आखता येणं ही कामावर टिकून राहण्यासाठी मोठी गोष्ट असते, आणि त्यासाठी मालकाला वेगळा खर्चही येत नाही.

मागची खोली

माणसं दुकान सोडतात ती बहुतेकदा मागच्या खोलीमुळे. धूळ, कोंदट वास, मंद दिवा, दिवसभर वाकलेली पाठ. त्यामुळे प्रोत्साहनाची सुरुवात इथून करा.

टेबल कोपराच्या उंचीचं हवं. उभ्याने काम करायला साधारण ९० ते १०० सेंटीमीटर. जमिनीवर बसून किंवा वाकून पोतं उपसायला लावू नका. टेबलावर पांढऱ्या उजेडाचा दिवा हवा. पिवळ्या उजेडात पांढऱ्या कपड्यावरचे पिवळट डाग दिसत नाहीत. पायाखाली जाड चटई, हात धुवायला साबण आणि पाणी, प्रत्येकाला स्वतःचा ॲप्रन आणि मापाचे हातमोजे. जुन्या पुस्तकांवर किंवा बुरशीच्या मालावर काम करताना तोंडाला मास्क.

पोत्यात किंवा पिशवीत कधीही हात घालायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. पोतं टेबलावर हळूहळू ओतायचं. आत टाचण्या, ब्लेड, फुटकी काच, क्वचित इंजेक्शनची सुईही निघते. अशा वस्तू चिमट्याने उचलून जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकायच्या. सुई टोचली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. त्या वेळचा पगार कापायचा नाही. कापला तर पुढची सुई कुणी सांगणार नाही.

उशा, गाद्या, कापडी खुर्च्या आणि बॅगांच्या शिवणी उघडून पाहायला शिकवा. शिवणीत बारीक काळे ठिपके म्हणजे ढेकणांची खूण. तो माल लगेच पिशवीत बंद करून खोलीबाहेर न्यायचा. धुता येणारं कापड ६० अंश सेल्सिअसला धुतलं की ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. लाकडी फर्निचरच्या बारीक भोकांखाली ताजा भुसा पडलेला दिसला तर कीड अजून जिवंत आहे असं समजा आणि ते इतर लाकडापासून लांब ठेवा.

काही वस्तू कितीही चांगल्या दिसल्या तरी विकायच्या नाहीत. वापरलेलं हेल्मेट आणि गाडीतली लहान मुलांची आसनं यांना एकदा धक्का बसलेला असेल तर आतलं नुकसान बाहेरून दिसत नाही. फुगलेल्या बॅटरीचा मोबाइल दाबायचा नाही, चार्जिंगला लावायचा नाही. जळाऊ सामानापासून लांब ठेवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा. ही यादी मोठ्या अक्षरांत टेबलासमोर लावा. समोर लिहिलेलं असलं की नकार देताना माणसाला स्वतःच्या जिवावर बोलावं लागत नाही.

चार टोपल्या

टेबलाजवळ चार टोपल्या ठेवा: लगेच विक्री, धुणं-दुरुस्ती, विचारायचं, बाद. कपड्याची तपासणी ठरलेल्या क्रमाने करायला लावा: कॉलर, काखा, कफ, खिसे, चेन आणि बटणं, बैठकीची शिवण, खालची पट्टी, आणि शेवटी कपडा उजेडासमोर धरून भोकं. क्रम ठरलेला असला की हात आपोआप चालतो आणि काही सुटत नाही. चिनीमातीच्या भांड्यावर बोटाने टिचकी मारायची. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी केसासारखी चीर आहे. विजेची वस्तू १५ मिनिटं चालवून पाहायची, वायर आणि प्लग तपासायचा, आणि तपासल्याची तारीख व तपासणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी चिकटवायची. मोबाइलवर *#०६# दाबून त्या फोनची ओळख सांगणारा १५ आकडी आयएमईआय क्रमांक रजिस्टरमध्ये उतरवायचा. आधीच्या मालकाचं खातं फोनमधून काढून टाकलेलं आहे आणि फोन पूर्ण रिकामा झाला आहे याची खात्री झाल्याशिवाय तो घ्यायचाच नाही.

चारांपैकी ‘विचारायचं’ ही टोपली मालकाची. तिला दोन नियम: दहापेक्षा जास्त नग नकोत, आणि दुकान बंद होण्याआधी ती रिकामी व्हायला हवी. ज्याने वस्तू टाकली त्याच्या समोरच निर्णय सांगा आणि कारणही सांगा. ‘हा स्वेटर बाद, कारण कोपरांवर लोकर विरली आहे, दोन धुण्यांत भोक पडेल’ एवढं एक वाक्य ऐकलं की पुढचे वीस स्वेटर तुमच्याकडे येत नाहीत. टोपली रोज भरून वाहत असेल तर शिकवण्यात काही राहून गेलं आहे, किंवा माणसं चुकायला घाबरत आहेत. ती कायम रिकामी असेल तर कुणीतरी अंदाजाने रेटून नेत आहे. दोन्ही वेळा कारण शोधायला हवं.

भाव लावायला शिकवणं

हा या व्यवसायाचा गाभा आहे आणि बरेच मालक नेमका हाच हातचा राखून ठेवतात. ‘हे अनुभवानेच येतं’ असं म्हणतात. अनुभवाने येतं हे बरोबर आहे, पण तो अनुभव आखून द्यावा लागतो, नाहीतर वर्षानुवर्षं येत नाही.

पहिली पायरी: सुटे भाव बंद करा. दुकानात मिळून सात-आठ भावांच्या पायऱ्या ठेवा आणि प्रत्येक वस्तू त्यांतल्याच एका पायरीवर बसवा. पंचवीस वेगवेगळे भाव असले की दोन सारख्या शर्टांना दोन भाव लागतात आणि गिऱ्हाईक काउंटरवर त्यावरूनच वाद घालतं.

दुसरी पायरी: नेहमी येणाऱ्या तीसेक प्रकारांचा तक्ता करा: साधा शर्ट, जीन्स, कादंबरी, स्टीलचा डबा, टेबलफॅन असे. प्रत्येकासमोर मूळ पायरी लिहा. मग अवस्थेचे तीन दर्जे ठरवा. ‘अ’ म्हणजे जवळजवळ नवं, ‘ब’ म्हणजे वापर दिसतो पण खोट नाही, ‘क’ म्हणजे छोटी खोट आहे आणि ती टॅगवर लिहिली आहे. मूळ पायरी ‘ब’ला धरा, ‘अ’ असेल तर एक वर, ‘क’ असेल तर एक खाली. नावाजलेली कंपनी किंवा सहज न मिळणारी वस्तू असेल तर आणखी एक वर. सहाव्या पायरीच्या वर काही गेलं की ते ‘विचारायचं’ टोपलीत. एवढी हद्द पुरते.

तिसरी पायरी: सराव. नव्या माणसाला २० नग द्या, पेन्सिलने पायरी लिहायला सांगा, आणि तेच नग जाणत्या माणसाने स्वतंत्रपणे बघावेत. मग शेजारी शेजारी ठेवून फरक बोला. २० पैकी १६ नग एका पायरीच्या आत जुळू लागले की त्या प्रकारापुरता भाव लावायचा अधिकार त्याला द्या, आणि सगळ्यांसमोर द्या. कपड्यांना साधारण दोन-तीन आठवडे लागतात. पुस्तकं, भांडी, विजेच्या वस्तू यांचा सराव वेगळा घ्यावा लागतो. कपड्यांत हुशार असलेला माणूस पुस्तकांत हमखास अडखळतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

चौथी गोष्ट, जी कायम चालू ठेवायची: आठवड्यातून एकदा दहा नग टेबलावर मांडा. सगळ्यांनी, मालकासकट, न बोलता चिठ्ठीवर पायरी लिहायची. चिठ्ठ्या उघडा. जिथे दोन पायऱ्यांहून जास्त फरक पडला तेवढ्याच नगांवर बोला. ज्याचा अंदाज सगळ्यांपेक्षा वेगळा आहे त्याला आधी बोलू द्या. कित्येकदा त्यालाच काहीतरी दिसलेलं असतं. मालकाने शेवटी बोलायचं. त्या दहा नगांचं पुढे काय झालं, कोणता किती दिवसांत गेला, ते पुढच्या आठवड्यात सांगा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि माणसं त्याची वाट पाहू लागतात.

वस्तू ओळखायच्या खुणाही शिकवत राहा. पितळेला लोहचुंबक चिकटत नाही, पितळी मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतं. चांदीवर ९२५ हा आकडा म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. कापड कशाचं आहे कळत नसेल तर आतल्या शिवणीतला एकच धागा काढून, मोकळ्या जागी चिमट्यात धरून जाळायचा: लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, सुती धाग्याला कागद जळल्याचा, आणि कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. अशा खुणांची एक वही दुकानात ठेवा. ज्याला नवी खूण कळली त्याने ती लिहायची आणि खाली आपलं नाव घालायचं. वस्तू ओळखता येणं ही माणसाची स्वतःची मिळकत असते. ती देणाऱ्या दुकानाशी माणूस बांधला जातो.

टॅगवर चार गोष्टी हव्यात: पायरी, आठवड्याचा क्रमांक, भाव लावणाऱ्याचं आद्याक्षर आणि दोन-तीन शब्दांचं वर्णन (‘निळा सुती, मोठा’). वर्णन असलं की गिऱ्हाइकाने टॅग बदलले तर काउंटरवर लगेच कळतं. टॅगची पिन शिवणीतून किंवा आतल्या लेबलातून घालायला शिकवा. कापडातून घातली तर भोक पडतं आणि ‘अ’ दर्जाचा कपडा आपल्याच हातून ‘क’ होतो.

भाव चुकला तर

चुकणारच. रोज साठ भाव लावणाऱ्या माणसाचे चार-पाच तरी चुकतील. त्यावर तुम्ही कसे वागता त्यावरून पुढचं सगळं ठरतं.

एखादी मौल्यवान वस्तू फार स्वस्तात गेली आणि तुम्ही रागावलात, तर त्या दिवसापासून सगळ्यांचे भाव एक पायरी वर सरकतात. वर लावलेला भाव कधी अंगाशी येत नाही, कारण न विकलेल्या वस्तूबद्दल कुणी रागावत नाही. दोन महिन्यांत रॅक गच्च भरतात आणि माल जागचा हलत नाही. उलट विक्री मंद आहे म्हणून ओरडलात तर सगळं पहिल्या-दुसऱ्या पायरीवर येतं. दोन्हीकडे माणसं तुम्हाला घाबरून भाव लावत असतात आणि वस्तूकडे बघणं बाजूला राहतं.

म्हणून भावातली चूक पगारातून कधीही कापू नका. वस्तू, लावलेली पायरी, योग्य पायरी आणि कोणती खूण सुटली एवढं वहीत लिहा. महिन्याने वही चाळा. एकच खूण पुन्हा पुन्हा सुटत असेल तर ती पुढच्या चिठ्ठ्यांच्या खेळात घ्या. निष्काळजीपणा वेगळा: तपासणीचा क्रम सोडणं, टॅगवर सही न करणं, ठरलेली यादी डावलून वस्तू बाहेर लावणं. त्याबद्दल स्पष्ट बोलायचं. अंदाजातली चूक आणि कामचुकारपणा यांत फरक करणारा मालक माणसांना न्यायी वाटतो.

एकेक विभाग एकेकाकडे

भाव लावायला येऊ लागला की प्रत्येकाला एक विभाग द्या, निदान तीन महिन्यांसाठी. पुस्तकं, लहान मुलांचे कपडे, भांडी, विजेच्या वस्तू. नुसती साफसफाई देऊन त्याला विभाग म्हणू नका. मांडणी कशी, किती नग ठेवायचे, कोणते उतरवायचे, दर्शनी कपाटात आपल्या विभागातलं काय ठेवायचं, हे सगळं त्या माणसाने ठरवायचं. तुमच्याकडे तीनच गोष्टी ठेवा: विभागाची जागा, सहाव्या पायरीच्या वरचे भाव, आणि सुरक्षेचे नियम.

मांडणी तुम्हाला पटली नाही तरी दोन आठवडे हात लावू नका. हे मालकांना सगळ्यांत जड जातं. पण माणूस घरी गेल्यावर रॅक पुन्हा आपल्या मनासारखा लावून ठेवलात, तर तो विभाग त्याचा राहिला नाही हे त्याला सकाळी दारातच कळतं. दोन आठवड्यांनी आकडे बघून बोला.

आकडे साधेच ठेवा. दर सोमवारी प्रत्येक विभागासमोर फळ्यावर तीन: किती नग नवे लावले, किती विकले, चार आठवड्यांहून जुने किती पडून आहेत. उदाहरणार्थ महिन्यात १२० लावले, ७५ गेले, म्हणजे उठाव साडेबासष्ट टक्के. ढोबळ मानाने चार आठवड्यांत निम्म्याहून जास्त माल गेला तर भाव जागेवर आहेत. तिसरा हिस्साही गेला नाही तर भाव चढे आहेत किंवा तो माल तुमच्या गिऱ्हाइकाला नको आहे. पहिल्या आठवड्यातच सगळं साफ झालं तर आनंद मानण्याआधी भाव तपासा, ते फार उतरलेले असतील. विभागांची आपसात तुलना मात्र करू नका. भांडी आणि पुस्तकं एका वेगाने कधीच जात नाहीत. प्रत्येक विभागाची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी.

तासाला किती नग काढले हा एकटा आकडा फळ्यावर लिहू नका. तो लिहिला की तोच वाढतो, आणि डागाळलेले कपडे रॅकवर येऊ लागतात.

माल उतरवण्याला रंगांची पद्धत सोयीची पडते. दर आठवड्याला टॅगचा रंग बदला, पाच रंग फिरवा. चार आठवडे पूर्ण भाव, पाचव्या आठवड्यात त्या रंगावर निम्मा भाव, आणि तो संपला की उरलेले नग काढायचे, म्हणजे तो रंग पुन्हा मोकळा होतो. कोणती वस्तू काढायची यावर वाद होत नाही, रंग सांगतो. आपण लावलेली वस्तू काढताना माणसाला वाईट वाटतं, विशेषतः मनापासून दुरुस्त केलेली असेल तर. म्हणून विभाग सांभाळणाऱ्याला महिन्याला तीन नग ‘राखीव’ ठेवू द्या: त्यांची जागा बदलून, मांडणी बदलून आणखी चार आठवडे संधी. यातले काही विकले जातात, आणि विकले गेले की त्या दिवशी त्या माणसाचा चेहरा बघावा.

घासाघीस आणि माल घेणं

गिऱ्हाईक भाव पाडून मागतं तेव्हा काउंटरवरच्या माणसाला मालकाकडे धावावं लागणं अपमानाचं वाटतं. त्याला हद्द द्या. पहिल्या आठवड्याच्या मालावर सूट नाही. त्यानंतर १० टक्क्यांपर्यंत कुणीही, २० टक्क्यांपर्यंत जाणता माणूस, त्यापुढे मालक. ‘हा माल या आठवड्यातच लागलाय, दोन आठवड्यांनी बघा’ असं ठरलेलं उत्तर शिकवून ठेवा. आणि एकदा माणसाने ‘नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक तुमच्याकडे आलं तरी तुम्हीही ‘नाही’च म्हणा. त्याच्यासमोर भाव उतरवून दिलात तर पुढच्या वेळी प्रत्येक गिऱ्हाईक थेट तुम्हालाच शोधेल.

माल विकत घेताना नियम कडक हवेत, कारण चोरीचा माल दुकानात शिरला तर पोलीस काउंटरवरच्या माणसालाही प्रश्न विचारतात. ओळखपत्र पाहून नोंद, वस्तूचं वर्णन, अनुक्रमांक, विकणाऱ्याची सही. कागद नसतील तर घ्यायचं नाही, माणूस कितीही ओळखीचा असो. मोठी खरेदी दोघांनी मिळून करायची. तुमच्या ठिकाणचा कायदा याहून जास्त मागत असेल तर ती कलमं छापून काउंटरखाली ठेवा.

नकार देणं शिकवावं लागतं. लोक घेऊन येतात त्यातलं पुष्कळसं गेलेल्या माणसाचं असतं. आईच्या साड्या, वडिलांची पुस्तकं. ‘हे चालणार नाही’ असं म्हणून पिशवी परत सरकवली तर समोरच्याला ते आपल्या माणसाबद्दल ऐकल्यासारखं होतं. आधी वस्तूंना नीट हात लावायचा, घडी मोडली तर परत घालायची, आणि कारण दुकानावर घ्यायचं: ‘आमच्याकडे याचं गिऱ्हाईक येत नाही, तुम्हाला योग्य किंमत देता येणार नाही.’ हे वाक्य नव्या माणसाकडून दोन-तीनदा म्हणून घ्या. असा प्रसंग झाल्यावर त्या माणसाला पाच मिनिटं मोकळी द्या. ते काम मनाला शिणवणारं असतं.

कर्मचाऱ्यांची स्वतःची खरेदी

छोट्या दुकानात भांडणं सगळ्यांत जास्त कशावरून होत असतील तर यावरून. चांगला माल सगळ्यांत आधी मागच्या खोलीतल्या माणसाला दिसतो. त्याने तो बाजूला ठेवला की बाकीच्यांच्या मनात संशय शिरतो, आणि रॅकवर चांगलं काही येईनासं होतं. पूर्ण बंदी घालूनही उपयोग नाही, कारण मग लपवाछपवी सुरू होते.

हे चार नियम पुरतात. वस्तू विक्रीसाठी बाहेर लागून दुकानाचे दोन पूर्ण दिवस झाल्याशिवाय कर्मचाऱ्याने घ्यायची नाही. स्वतः भाव लावलेली वस्तू दुसऱ्याने पुन्हा तपासल्याशिवाय घ्यायची नाही. बिल दुसऱ्याने करायचं. वेगळ्या वहीत नोंद, आणि ती वही सगळ्यांना बघायला खुली. यावर २० टक्के सवलत द्या, माणसांना बरं वाटतं. मालकालाही हेच नियम लागू. मालकाने पोत्यातली वस्तू थेट घरी नेलेली एकदा दिसली की बाकीचे नियम गेलेच.

खिशात, पर्समध्ये, पुस्तकाच्या पानांत पैसे, अंगठ्या, फोटो, पत्रं निघतात. जे निघेल ते दोघांसमोर नोंदवून बंद पाकिटात ठेवायचं, कोणत्या पोत्यातून आलं ते लिहायचं आणि देणाऱ्याला कळवायचं. परत दिल्यावर ज्याने वस्तू शोधली त्याचं नाव देणाऱ्याला सांगा. त्याला धन्यवाद थेट मिळू द्या.

पैशांबद्दल

पगार ठरलेल्या तारखेला. यात एक दिवसाचीही चूक झाली तर वरचं काहीही कामाला येत नाही.

माणसागणिक कमिशन मात्र या व्यवसायात टाळा. काउंटरवरचा माणूस मिळवतो, मागच्या खोलीत डाग काढणारा कोरडा राहतो. माणसं गिऱ्हाइकांवरून भांडतात आणि चांगला माल आपल्या पाळीसाठी दडवून ठेवतात. त्याऐवजी सगळ्यांचा मिळून बोनस ठेवा. मागच्या तीन महिन्यांच्या विक्रीची सरासरी काढा. या महिन्यात तिच्या वर जेवढी विक्री झाली त्यातला ठरलेला हिस्सा, समजा १० टक्के, कामाच्या तासांच्या प्रमाणात वाटा. हिशेब फळ्यावर मांडा आणि पैसे पुढच्या आठवड्यातच द्या. नियम वर्षाच्या मध्ये बदलू नका. बोनस जास्त जाऊ लागला म्हणून टक्का कमी केलात तर चांगलं काम केल्याची शिक्षा मिळाली असंच सगळे समजतात. भाव लावायचा अधिकार मिळालेल्या माणसाचा पगार त्याच महिन्यापासून थोडा तरी वाढवा. जबाबदारी वाढली आणि पगार तिथेच राहिला तर मानाचं ओझं होतं.

काही दुकानं स्वयंसेवकांवर चालतात. तिथे पगाराचा धागा नसल्यामुळे वेळेची कदर दुप्पट करायला हवी. त्यांना ठरलेला वार, ठरलेलं काम आणि शक्य तर एखादा विभाग द्या. आले आणि करायला काही नाही, असं दोनदा झालं की ते तिसऱ्यांदा येत नाहीत. सुरक्षेचे आणि खरेदीचे नियम त्यांनाही तेच.

बोलायचं कधी, काय

‘छान चाललंय’ याने काही पोचत नाही. त्याच दिवशी, वस्तूचं नाव घेऊन बोला: ‘तुम्ही तो लाकडी स्टूल खिडकीशी हलवलात ना, दोन तासांत गेला.’ चूक सांगायची तर एकांतात, आणि पुढचं पाऊल सोबत: ‘या आठवड्यात तीन कपडे डाग असताना रॅकवर आले, तिन्ही दुपारचे. दुपारची पाळी दीड तासावर आणू या का?’ अशा प्रश्नाला माणूस खरं उत्तर देतो. कधी दिवा गेलेला असतो, कधी चष्म्याचा नंबर वाढलेला असतो.

महिन्यातून एकदा प्रत्येकाशी वीस मिनिटं बसा, काउंटरपासून लांब. तीन प्रश्न पुरतात: कोणत्या कामात वेळ वाया जातो? कुठला निर्णय तुम्हाला स्वतः घेता आला असता पण विचारावं लागलं? पुढे काय शिकायचं आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या आणि महिन्याभरात त्यातला एक तरी निर्णय त्या माणसाकडे सोपवा. सोपवता येत नसेल तर कारण सांगा.

चांगलं शिकलेलं माणूस कधीतरी जाणारच. जाण्याआधीच्या दोन आठवड्यांत त्याचा विभाग घेणाऱ्याला रोज एक तास त्याच्यासोबत ठेवा. भावांचा तक्ता आणि खुणांची वही दोघांनी मिळून चाळायची, खोडायचं ते खोडायचं, आणि शेवटच्या आठवड्यात सगळे भाव नव्या माणसाने लावायचे, जुन्याने शेजारी उभं राहून फक्त बघायचं.